सासू शेजारी उभी असताना

गुरुवार, दिवेलागण

आलं: दवाखान्यातून मानाचा नारळ, एक. खर्च: जातानाची रिक्षा. येताना चालत आले.

लहान मुलांच्या तातडीच्या विभागात शिकाऊ डॉक्टरांना घरची अडचण विचारायला शिकवतात, त्यासाठी आम्हा बायकांना बोलावलं होतं. खोटं खोटं, नाटकातल्यासारखं, मी तापलेल्या बाळाची आई झाले, शेजारच्या शांताबाई माझी सासू.

एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरी काही अडचण?"

"न्हाय की."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. मग नाटक सोडून मी खरं बोलले. माझी सुमन तान्ही असताना मीही असंच म्हटलं होतं. औषध थंड ठेवायचं होतं, घरात फ्रीज नव्हता. पण सासूबाई शेजारी उभ्या, सांगणार कसं? औषध बिघडलं, पोरीचा ताप फिरून चढला.

"मग विचारू कसं, मावशी?"

"आधी सासूला केसपेपर काढायला पाठवा. मग विचारा."

मोठे डॉक्टर हसले आणि ते फळ्यावर लिहिलं. मॅट्रिक बाईचं बोलणं, फळ्यावर. सिद्धेश्वराची कृपा. गर्व करू नये, पण आज झाला.

त्या डॉक्टरीणबाई सोमवारपासून बार्शीच्या दवाखान्यात. माझा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड त्यांना दिलंय. एखादी आई मोकळं बोलली, तर उलट टपाली कळवा, बाई.