पाचवा मुद्दा

आई, परवा तुझ्या नातीसमोर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. दुसऱ्या कुणी काही केलं असतं तर चारचौघांत सांगून मोकळा झालो असतो. हे माझंच आहे, म्हणून तुला लिहितो आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि ती तेरा वर्षांची आहे, म्हणजे तुमची गाठ पडलीच नाही. तुझ्याबद्दल तिला जे ठाऊक आहे ते सगळं मी सांगितलेलं. आम्ही फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नला राहतो, माझं ऑफिसही इथेच आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तू दोन दिवसांत तिला सुतासारखं सरळ केलं असतंस. परवा संध्याकाळी मी कांदा चिरत होतो आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वह्या पसरून शाळेच्या रेफेराटची तयारी करत होती. रेफेराट म्हणजे वर्गापुढे उभं राहून एखादा विषय मांडायचा. विषय काय, असं मी सहज विचारलं. मध्ययुगातल्या एका फ्रेंच राजाची सत्ता कशी वाढत गेली, असा तो विषय होता. तोच राजा गं, इंग्लंडच्या राजाकडून नॉर्मंडी घेणारा, ज्याचं नाव तुला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं.

माझी छाती फुगली. एरवी तिच्या अभ्यासातलं मला काही येत नाही, जर्मन व्याकरणात तर तीच माझ्या चुका काढते. मी म्हटलं, "हे मला पाठ आहे." ती हसली, "जा, गेनाऊ," म्हणाली, म्हणजे हो का, वा. मग काय, मी सुरी खाली ठेवली आणि सुरू झालो, तुझ्याच चालीत. राजसत्तेच्या वाढीची कारणे. एक, वंशपरंपरेने अधिकार गाजवणाऱ्या सरदारांऐवजी राजाने पगारी अधिकारी नेमले. दोन, नॉर्मंडी जिंकून घेतली. तीन, लढाईत दफ्तर हरवल्यावर धडा घेऊन कागदपत्रे पॅरिसमध्ये कायमची ठेवण्याची सोय केली. चार, शहरांना सनदा देऊन त्यांना सरदारांच्या विरुद्ध आपल्या बाजूला वळवले. पाच, ज्यूंना आपल्या मुलखातून हाकलून व त्यांची घरेदारे ताब्यात घेऊन तिजोरी भक्कम केली. सहा, पॅरिसभोवती तट बांधला. सहाव्यावर पोचेपर्यंत मला काही जाणवलं नाही. तिच्या हातातलं पेन थांबलं होतं आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या ओळखीचा कुणी नव्हतोच. "पप्पा," ती म्हणाली, "इस्ट दास डाइन एर्न्स्ट?" खरंच असं म्हणायचंय तुला?

तेव्हा कुठे मला माझं बोलणं ऐकू आलं. तिच्या शाळेच्या वाटेवर काही घरांपुढे फुटपाथात पितळेचे छोटे चौकोन बसवले आहेत. महायुद्धाच्या काळात त्या त्या घरातून ज्या ज्यू माणसांना नेलं, त्यांची नावं त्यावर आहेत, आणि कुठे नेऊन मारलं तेही. तिचा वर्ग दर वर्षी हातमोजे घालून ते घासून लख्ख करतो. मी स्वतः एकदा तिच्याबरोबर गुडघे टेकून घासले आहेत. तोच मी, कांद्याचे हात पुसत, माणसं हाकलण्याची गोष्ट पगारी अधिकारी आणि पॅरिसचा तट यांच्या मधोमध ठणठणीत आवाजात म्हणून दाखवत होतो. तिने विचारलं, "वोहिन?" कुठे गेली ती माणसं? मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात मुक्कामाला आहे आणि हा साधा प्रश्न मला एकदाही पडलेला नाही. मग तिनेच सांगितलं, की राजाला तेव्हा सतरावंही पुरं झालं नव्हतं, घरं-शेतं त्याने घेतली, त्यांच्या प्रार्थनेच्या जागांची चर्चं झाली, आणि काही वर्षांनी कराचा पैसा हवासा वाटला तेव्हा त्याने त्यांना परत येऊ दिलं.

"कोणी शिकवलं तुला हे?" तिने विचारलं. प्रश्न मराठीत होता, आई. ती मराठीत बोलली, आणि मी म्हटलं, "आजीने." एवढंच. सुचलं ते बोललो, अंगावरची पाल झटकावी तसं. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर तुझा काळ्या गाऊनमधला, पदवी घेतानाचा फोटो असायचा. मूल सांभाळून, घरचं सगळं करून आमची ओमा, म्हणजे आजी, शिकली, असं ती मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची. काल सकाळी तो फोटो जागेवर नव्हता. नंतर टेप शोधताना खालच्या खणात दिसला, जुन्या वह्यांखाली. मी खण तसाच लावून घेतला.

आता जे घडलं होतं ते लिहितो, तुला माहीत असलं तरी. चिंचवडच्या आपल्या दोन खोल्या. तू बाहेरून बी. ए. करते आहेस, परीक्षा तोंडावर आली आहे. तू पोळ्या लाटता लाटता मुद्दे म्हणतेस आणि मी पाटावर बसून गाइडमध्ये बोट ठेवून तपासतो. तुझे नेहमी सातच होतात. "आई, पाचवा राहिला." दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. तिसऱ्या दिवशी तू लाटणं थांबवतेस. "हा मला लक्षातच राहत नाही रे. नांदत्या माणसांना घरातून हाकललं, यात कसली आलीय कामगिरी? नाही लिहिला तर नाही का चालणार?" मी अकरा वर्षांचा, हातात गाइड, म्हणजे आकाश ठेंगणं. मी तुला दटावतो, अगदी आमच्या मास्तरांच्या सुरात. "पुस्तकात आठ आहेत. सात लिहिलेस तर मार्क कापतील. म्हण पुन्हा." तव्यावरची पोळी करपते आणि तू म्हणतेस. मी तुझ्याकडून तो दहा वेळा म्हणवून घेतला. पेपरात नेमका तोच प्रश्न आला. घरी आल्यावर "आठही लिहिले रे," म्हणून तू माझ्या हातात नवी कंपासपेटी ठेवलीस. तेव्हा तुझा चेहरा कसा होता ते आठवायचा दोन दिवस प्रयत्न करतो आहे. आठवते ती नुसती पेटी.

तुला तो मुद्दा खटकला होता. इतिहासाचं एकही पुस्तक धड न वाचलेली तू, पोळपाटाशी बसून जे ओळखलंस, ते मला या देशात बारा वर्षं राहून कळलं नाही, लेकीने तोंडावर विचारावं लागलं. हे तिला सांगायला जर्मनमध्ये तीन वाक्यं पुरतील. मी ती मनात जुळवून ठेवली आहेत, क्रियापदं शेवटी वगैरे, सगळी नीट. हे पत्र तर तिच्या हाती देऊनही उपयोग नाही, तिला देवनागरी वाचता येत नाही. आणि तुझ्याकडे पाठवायचं तर पत्ता कुठला घालू?

आज दुपारी ती रेफेराट देऊन आली. खूप खुशीत होती. शेवटी तिने वर्गाला सांगितलं म्हणे, की माझी भारतातली आजी हे राजाचं मोठं काम म्हणून शिकवायची, इतक्या सहज आपण असलं काही पुढे देत राहतो. बाईंनी त्या वाक्याचं सगळ्यांदेखत कौतुक केलं. तिने दप्तर टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणतो म्हणून. आई, मी म्हटलं, छान.