गिटारवाल्याचा उजवा गुडघा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. म्हणजे आठांपैकी सात अंगांनी. मान यात सहभागी नाही, तिला चार दिवसांपासून पट्टा बांधलेला आहे. (कारण पुढे येईल. हसायचं ते तेव्हा हस.) तुझी तब्येत विचारत नाही, वहिनीकडून सगळं कळतं. गुडघा बदलून तीन महिने झाले, टाके सुकले, डॉक्टर खूश आहेत आणि तू खिडकीजवळच्या खुर्चीतून हलायला तयार नाहीस. तीस वर्षं दारोदार टपाल वाटत फिरलेला माणूस आता पाणीसुद्धा बसल्या जागी मागतो. मागच्या महिन्यात मी फोनवर व्यायामाचं नुसतं नाव काढलं, तर "आता मला कुठे जायचंय?" म्हणालास आणि फोन ठेवलास. मला राग आला. खरं सांगायचं तर रडू आलं. म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच ठेवून देणं पोस्टमनला तरी शोभणार नाही.

आपला तो हेवी मेटलवाला बँड आठवतो ना? तू कॅसेट लावलीस की आई स्वयंपाकघरातून धावत यायची, कुठली मांडणी कोसळली बघायला. (तेव्हा तुझे केस खांद्यापर्यंत होते. तो विषय नको.) त्या पाचही जणांनी आता सत्तरी ओलांडलीय आणि त्यांच्या ताज्या कॉन्सर्टचा व्हिडिओ आलाय. माझ्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत मोठा पडदा आहे, त्यावर पेशंटांना शांत वाटावं म्हणून दिवसभर धबधबा चालू असतो. सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी धबधबा काढला आणि ह्यांना लावलं. एकच गाणं ऐकणार होते. पण फिजिओथेरपिस्टची जात वाईट. मला गाणं ऐकू येईना, नुसते सांधे दिसायला लागले. गायकाच्या पाठीला बाक आलाय. ड्रमवाल्याचे खांदे फर्स्टक्लास, पण डावं कोपर काही खरं नाही. मग गिटारवाला उंच चौथऱ्यावरून चार पायऱ्या उतरला आणि मी व्हिडिओ थांबवला. मागे नेला. सात वेळा पाहिला. उजवा पाय आधी! दर पायरीला उजवाच आधी! अरे, उजवा गुडघा बदललेल्या माणसाकडून आम्ही हेच तर घोकून घेतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. मागे आगीचे लोळ, डोक्यावर लोंबणारे हाडांचे सापळे, समोर हजारो लोक बेंबीच्या देठापासून ओरडताहेत, आणि हा बाबा आपला शहाण्या मुलासारखा फिजिओचं ऐकतोय. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात तीनची तुकडी आली, सगळे खांदा आखडलेले. मी घाईघाईने धबधबा शोधायला लागले, तर निवृत्त ग्रंथपाल बाई (जन्मभर लोकांना 'शूऽऽ' करण्यात गेलेल्या) म्हणाल्या, राहू दे, आवाज जरा वाढव. पुढच्या गाण्याला पडद्यावरच्या गर्दीने हात वर केले, तसे आमच्या खोलीतही गेले. बेकरीवाल्या काकांचा हात सात महिने कानाच्या वर गेला नव्हता. तो सरळ छताकडे! मी कोनमापक घेऊन धावले, एकशे पन्नास अंश! पण काकांनी आता मानही गदागदा हलवायला घेतली. हातावर भागत होतं तोवर ठीक, पण मानेला झटके? मी पुढे उभी राहिले, ओरडून सांगितलं की हे असं अजिबात करायचं नाही, आणि कसं करायचं नाही ते नीट कळावं म्हणून एकदा पूर्ण ताकदीने करून दाखवलं.

कट्‌ असा आवाज आला.

मग ग्रंथपाल बाईंनी मला पट्टा बांधला, काकांनी माझ्याच तक्त्यावरच्या सूचना मला वाचून दाखवल्या, आणि खुर्चीत बसवून सगळ्यांनी उरलेला कॉन्सर्ट पाहिला. मान वळत नसल्यामुळे मीही सगळा पाहिला. वहिनीला नमस्कार.

तुझी, सध्या फक्त सरळ समोर बघणारी,
धाकटी बहीण

ता. क. आईला मानेचं खरं कारण सांगू नकोस. जिन्यात पाय घसरला असं सांगितलंय. "व्यायाम करत नाहीस, म्हणून" असं म्हणाली.

ता. क. २. चार महिन्यांनी तो बँड आमच्या गावात येतोय. आमच्या ह्यांनी कानात कापूस घालूनही यायला नकार दिलाय. जागा उभ्याची आहे, खुर्ची मिळणार नाही. आत जायला बावीस पायऱ्या, मी पट्ट्यासकट जाऊन मोजून आले.

ता. क. ३. कुठे जायचंय, असं विचारलं होतंस. तिकीट सोबत जोडलंय. दुसरं माझ्याकडे आहे. उतरताना कुठला पाय आधी, ते आता तुला ठाऊकच आहे.