कोटासकट वजन

१४ जानेवारी २००३, मंगळवार

डॉ. कमिन्स्कींकडे पहिली व्हिजिट. बाई सायकायट्रिस्ट आहेत, पण मला तसलं काही नाही. फक्त झोप लागत नाही. आणि ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये पोचलं की गाडीतून उतरावंसं वाटत नाही. गेल्या महिन्यात एकदा अंधार पडेपर्यंत तसाच बसून राहिलो, त्यात अनयाचा शाळेतला व्हायोलिनचा कॉन्सर्ट हुकला. डोळ्यांतून पाणी येतं ती अ‍ॅलर्जी. गाडीच्या हीटरमधून धूळ येते. सुवर्णाला हे समजावून सांगितलं, तरी तिने अपॉइंटमेंट घेतलीच. बायका घाबरट असतात.

नर्स डेनिसने आल्या आल्या काट्यावर उभं केलं. बाहेर बर्फ. अंगात जाडजूड जॅकेट, आत स्वेटर, त्याच्या आत थर्मल, पायांत स्नो बूट, खिशात किल्ल्यांचा जुडगा. लॅपटॉपची बॅग तेवढी खाली ठेव म्हणाली. बाकीचं काढू का, असं विचारणार होतो, पण मागे एक आजोबा उभे होते. उगाच लोकांचा वेळ कशाला खा. १७१ पौंड लिहिलं. ऑफिसात असला डेटा कुणी आणून दिला तर मी, सॉफ्टवेअर तपासणारा टेस्टिंग लीड, तोंडावर परत फेकेन. पण डॉक्टरकडे आपण पाहुणे.

बाईंनी बरंच विचारलं. भूक? फाइन. काम? फाइन. घरी? फाइन. मग म्हणाल्या, सगळंच फाइन आहे तर आलात कशासाठी? हुशार वाटतात. रोज झोपताना एक गोळी.

९ फेब्रुवारी

झोपतो! सकाळी गाडी लावली की सरळ उतरतो. टीममध्ये सगळे म्हणतात, चार्ली इज बॅक. (चारुदत्त त्यांना झेपत नाही.) भूकही मस्त. जेवणानंतर तासाभराने पुन्हा दहीभात खातो. तब्येत सुधारल्याचं लक्षण.

११ मार्च, मंगळवार

दुसरी व्हिजिट. घरच्या काट्यावर स्वेटरबिटर काही नसताना १६६. पहिल्या दिवशी जॅकेट आणि बूट वगळता मी १५७ च्या आसपास असणार. म्हणजे वाढलंय. पण तिथे शर्ट-पँटवर, बूट काढून उभा राहिलो आणि १६८ आलं. फाइलमध्ये तीन पौंड कमी!

बाई खूश. या गोळीने बऱ्याच जणांचं वजन वाढतं, तुमचं नाही, छान, म्हणाल्या. चांगले मार्क पडल्यावर पेपर पुन्हा तपासायला कोण देतं?

२६ एप्रिल, शनिवार

पँटी होत नाहीत. कारण सापडलं. ड्रायर. कॉटन आटतं त्यात. सुवर्णा म्हणाली, त्याच ड्रायरमध्ये माझेही कपडे असतात, ते नाही आटत? तिला कापडातलं कळत नाही.

अनया मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, बाबा, यू आर सो स्क्विशी नाऊ. तिला आवडलेलं दिसलं. मला नाही आवडलं. उद्यापासून रोज तळ्याला एक चक्कर.

२७ एप्रिल

पाऊस.

१९ मे

ऑफिसात लो-कार्बची साथ आली आहे. सगळे बर्गर उघडून पाव फेकून देतात. मीही सुरू. पोळी बंद, भात बंद, पोहे बंद, साबुदाणा तर नावच नको. शाकाहारी माणसाला मग उरतं काय, तर चीज, पनीर आणि श्रीखंड. श्रीखंड म्हणजे मूळचं दहीच, म्हणजे प्रोटीन. सुवर्णाने साखरेचं नाव काढलं. साखर फक्त चवीला असते असं मी म्हणालो. ती डबा घेऊन आत गेली.

१० जून, मंगळवार

आज व्हिजिट. या वेळी बेसावध राहिलो नाही. शाळेत आदल्या दिवशी अभ्यास करून बोर्डात आलेला माणूस आहे मी. काल दिवसभर फक्त ताक, आज सकाळपासून पाणीही नाही. केस बारीक कापून आलो. घरात वापरायची नायलॉनची हाफ पँट, तिच्यावर विरलेला टी-शर्ट, पायांत रबरी सपाता. घड्याळ काढलं. अंगठी निघेना, साबण लावला तरी निघेना. तेवढी राहिली.

घरच्या काट्यावर परवा १७९ होतं. (बाथरूमच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला तर १७७ दाखवतो, म्हणून आता तिथेच ठेवतो.) डेनिसच्या काट्यावर १७४. उतरताना जरा गरगरलं, भिंत धरली. फाइलप्रमाणे पाच महिन्यांत तीन पौंड. बाईंनी एक्सलंट म्हटलं. भूक? फाइन.

बाहेर पडल्यावर रूट ४६ वर डोसा खाल्ला. दोन खाल्ले. लो-कार्ब उद्यापासून पुन्हा.

१६ ऑगस्ट

नरेंद्रकाकांकडे पार्टी. काका सत्तर सालाच्या सुमारास इकडे आलेले डॉक्टर, आता रिटायर्ड. आमच्या पार्सिपनीतला एकूणएक मराठी माणूस त्यांना जेवणाच्या ताटावर गाठून आपलं दुखणं विचारतो, आणि काका बिचारे एकेक घास हातात धरून सगळ्यांचं ऐकतात. मीही गाठलं. माझ्या एका मित्राचं गोळीमुळे वजन वाढलंय, त्याने काय करावं, असं विचारलं.

काकांनी माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघितलं. म्हणाले, अरे, मित्राला म्हणावं ज्या डॉक्टरने गोळी दिली त्याला जाऊन स्पष्ट सांग. दुसरी देतात. मनाने मात्र बंद करू नकोस म्हणावं. आणि मित्राला म्हणावं, बासुंदीची ही वाटी तिसरी आहे.

काका अ‍ॅनेस्थेशियाचे. पेशंट झोपल्यावर यांचं काम सुरू. जाग्या पेशंटचं त्यांना काय कळणार?

९ सप्टेंबर, मंगळवार

तरी आज बाईंना सांगायचंच असं ठरवून गेलो. सवयीने कालपासून ताकावर होतो आणि हाफ पँट घातलेली, हे दारात पोचल्यावर लक्षात आलं.

वजन १७६ भरलं. मी म्हणालो, डॉक्टर, माझं वजन फार वाढलंय. बाईंनी फाइल उघडली. एकशे एकाहत्तर, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, आज शहात्तर. म्हणाल्या, आठ महिन्यांत पाच पौंड, हे कुणाचंही होतं. गोळी छान लागू पडली आहे, एवढ्यासाठी का बदलायची? मी म्हणालो, कपडे होत नाहीत. त्यांनी माझ्या हाफ पँटकडे बघितलं. तिला इलॅस्टिक आहे.

मी शोधून नोंदवलेला बग डेव्हलपर ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणून बंद करतो, तेव्हा मी त्याला किती बोलतो! आज माझाच बग बंद झाला आणि मी थँक यू म्हणून आलो. खरं सांगायचं तोंडापर्यंत आलं होतं. पण मग आधीचे सगळे मार्क खोटे ठरले असते.

बाई ऐकत नाहीत म्हटल्यावर माझा नाइलाज आहे. गोळी बंद. सुवर्णाला सांगायचं कारण नाही.

२१ सप्टेंबर

झोप जरा कमी झाली, पण एनर्जी काय विचारता! पहाटे उठून गराज आवरलं. मग ड्रायर उघडला. कपडे आटवतो कसा ते एकदा बघूनच टाकू म्हटलं. आत काही सापडलं नाही. जोडताना चार स्क्रू आणि एक पट्टा उरला. कपडे सोफ्यावर वाळत आहेत.

६ ऑक्टोबर

तीन पौंड उतरले! बघा.

कॉन्फरन्स कॉलवर मॅनेजरला तोंडावर सांगितलं की तुझा प्लॅन मूर्खपणाचा आहे. त्याने कॉल तिथेच संपवला. स्पष्टवक्तेपणा लोकांना सोसत नाही. हात थरथरत होते, पण ती कॉफी. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. चालणं आपोआप होतंय हा फायदा. संध्याकाळी अनया होमवर्क विचारायला आली, तिच्यावर उगाच ओरडलो. तिचंही लक्ष नव्हतं म्हणा.

१२ नोव्हेंबर

आज गाडीतून उतरायला जरा वेळ लागला. थंडी सुरू झाली, हीटर लावावा लागतो. अ‍ॅलर्जी परत.

२५ नोव्हेंबर

अ‍ॅलर्जी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अनयाचा कॉन्सर्ट. या वर्षी बाबा पहिल्या रांगेत, असं तिला शब्द देऊन ठेवला होता. सुवर्णा तिला घेऊन आधी गेली. मी ऑफिसातून परस्पर. वेळेच्या कितीतरी आधी शाळेच्या पार्किंगमध्ये पोचलो. चांगली जागा मिळाली, दाराच्या अगदी समोर.

उतरलो नाही. हात दाराच्या हँडलवर होता. लोक आत गेले. लोक बाहेर आले.

शेवटी अनया आली, मागचं दार उघडून व्हायोलिनची केस मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, इट्स ओके, बाबा, आय कॅन प्ले इट अ‍ॅट होम. नऊ वर्षांची आहे. मला फार वाईट वाटलं. इथे अ‍ॅलर्जी असं लिहवत नाही.

१३ डिसेंबर

सुवर्णाने औषधाच्या बाटल्या शोधून काढल्या. सगळ्या भरलेल्या. ओरडेल असं वाटलं होतं. ती बाटली हातात धरून बाथटबच्या कडेवर बसली आणि म्हणाली, चारू, मला का नाही सांगितलंस रे? मी ड्रायरबद्दल काहीतरी बोललो. मग तिने शनिवार असूनही क्लिनिकच्या इमर्जन्सी नंबरवर फोन लावला. कमिन्स्की बाई स्वतः बोलल्या, बराच वेळ काय काय विचारत राहिल्या. गोळी आजपासून पुन्हा सुरू. मग रोज फोन करायला सांगितला आणि ख्रिसमसच्या आत भेटायला बोलावलं.

२२ डिसेंबर

गेलो. वजन आज राहू दे, अशी विनंती केली, डेनिसने ऐकली. गोळी का बंद केली असं बाईंनी विचारलं. झोप येते फार, म्हणालो. बदलायचा विचार जानेवारीत करू म्हणाल्या, आधी झोप आणि मन जाग्यावर येऊ दे. सुवर्णाने येताना गाडीत विचारलं, सगळं सांगितलंस ना? जवळपास सगळं.

१८ जानेवारी २००४

झोप आली. भूक आली. पुढच्या व्हिजिटसाठी ताक आणून ठेवलं आहे.

२८ जानेवारी, बुधवार

रात्रभर बर्फ. सुवर्णाने रजा टाकली, ड्राइव्ह मी करणार म्हणाली. मी नायलॉनची हाफ पँट घालून खाली आलो, तर ती दारात गेल्या वर्षीचं जॅकेट घेऊन उभी. थर्मल, स्वेटर, स्नो बूट, सगळं ओळीने मांडून ठेवलेलं. टेस्टिंग लीड ना तू, म्हणाली, मग पहिली टेस्ट जशी केलीस तशीच ही कर. तिला कधी कळलं कोण जाणे. फ्रिजमधलं ताक बघून असेल.

जॅकेटची चेन लागेना. तसंच उघडं घालून गेलो.

डेनिस कोट काढ म्हणाली. मी नाही म्हणालो. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच कुणाला नाही म्हणालो असेन. किल्ल्याही खिशातच ठेवल्या. १९८. तिने माझ्याकडे बघितलं, मग काट्याकडे, मग लिहून घेतलं.

बाईंना सगळं सांगितलं. जॅकेट, बूट, ताक, केस कापले तेही. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, दर वेळी मी विचारत होते, का नाही सांगितलंत? मी म्हणालो, आय वॉन्टेड टू डू वेल. त्यांनी विचारलं, अ‍ॅट व्हॉट?

गोळी बदलली. हळूहळू जुनी कमी, नवी सुरू. बदल गेल्या मार्चमध्येच करता आला असता म्हणाल्या. आलेलं वजन मात्र आपोआप जाणार नाही, आणि नवी गोळी मानवेलच असंही नाही. तीन आठवड्यांनी या, वाटेल ते कपडे घालून या. मग विचारलं, आत्ता कसं वाटतंय? फाइन म्हणून उठलो. मग पुन्हा बसलो आणि नाही म्हणालो.

बाहेर आलो. सुवर्णा आत वेटिंग रूममध्ये बसते म्हणाली होती, पण नव्हती. ती पार्किंग लॉटमध्ये गाडीतच. काचांवर बर्फ साचलेला, इंजिन चालू. दार उघडलं तर तिचे डोळे लाल. काय झालं, म्हटलं. अ‍ॅलर्जी, म्हणाली.

तिच्या शेजारी बसलो. जॅकेटमुळे बेल्ट लागेना, तो तिने लावून दिला. हीटरच्या जाळीवर हात धरून बघितला, बोट फिरवलं. आमच्या हीटरमधून धूळ येत नाही.