सावधानची ओळ

आण्णा,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. डोकं तापलंय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्या टपालाच्या खाकी पिशवीत उरलेली निळी अंतर्देशीय पत्रं मी एवढी वर्षं ट्रंकेत जपली, कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि आज त्यातलंच एक घेऊन बसलेय. उद्या अकरा वाजता मला घोडेगावला पोलिसांपुढं जबाब द्यायचाय. तो मी लिहून काढलाय, दोन पानं, आणि त्यात एक शब्द खोटा नाही. तरी तो तुम्हाला वाचून दाखवायची माझी छाती झाली नसती. आपल्या गावात एका निरपराध माणसाला मारून मारून त्याचा डोळा फोडला, आण्णा. आणि ते मी लिहिलेल्या चार ओळींवरून झालं.

तुम्ही गेलात तेव्हा गावात एसटीडीचा एकच पिवळा डबा होता. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि त्या फोनमध्येच पोस्ट आहे. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते, दाखले काढून देते, आणि गावाचा मोबाईलवरचा ग्रुप मीच चालवते. नळाला पाणी कधी, विजेची डीपी कधी दुरुस्त होणार, लसीकरण कुठल्या दिवशी, सगळं मीच लिहायचं. लिहिलं की त्याच मिनिटाला तीनशे घरांत पोचतं. तुम्ही सायकल हाणत, घाम पुसत एकेका वस्तीवर जायचात, मी खुर्चीतून उठतसुद्धा नाही. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू. फक्त तुम्ही एकेका पत्रासाठी उंबऱ्यावर थांबायचात, वाचून दाखवायचात, आणि समोरच्या बाईला विचारायचात, "आता यात काय लिवलंय ते तू मला सांग." तिनं नीट सांगितल्याशिवाय तुम्ही सायकलवर टांग टाकली नाहीत. मला त्याची लाज वाटायची. बापाला एवढा कसला वेळ, असं वाटायचं.

ती चपराक अजून माझ्या गालावर आहे. मी दहा वर्षांची. तुम्हाला ताप भरला होता म्हणून मागच्या आळीतल्या काकूचं पत्र घेऊन तुम्ही मला धाडलं. काकू चुलीपुढं भाकरी थापतेय, धुरानं डोळे चोळतेय आणि म्हणतेय, "वाच गं बाई, माज्या लेकाचं काय म्हननं हाय." मी फुशारकीनं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं पहिली ओळ वाचली, की माझा हात मशीनमध्ये गेला होता. पुढं वाचायला वेळच मिळाला नाही. काकू किंचाळून उठली, पाय लुगड्यात अडकला आणि ती जात्यावर आपटली. कपाळ फुटलं. पिठात रक्त सांडलं, तव्यावरची भाकरी जळत राहिली. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की फक्त दोन नखं गेलीत, आता बरा आहे, जत्रेला येतो. तुम्ही तापात उठून आलात, तिच्या कपाळाला हळद दाबली, आणि तिथंच, सगळ्या बायांसमोर माझ्या कानाखाली अशी ओढली की मी दाराच्या चौकटीवर गेले. "आदी मनात शेवटापर्यंत वाचायचं, मग त्वांड उघडायचं!" एवढंच बोललात. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही.

पण त्याच संध्याकाळी, अंगात ताप असताना, तुम्ही त्या लेकाला पत्र लिहिलंत, ते मी पाठीमागून वाचलं होतं. 'मूर्खा, आईला पत्र लिहिताना मी खुशाल आहे हे डोक्यावर लिहायचं असतं, ते काय शोभेसाठी नसतं. तुझ्या एका ओळीनं तिचं डोकं फुटलंय.' म्हणजे चपराक मला आणि शिव्या त्याला. वाचणारी आणि लिहिणारा, तुम्ही दोघांनाही सोडलं नाहीत. तेव्हा मला वाटलं, मला उगाच मारलं, चूक तर त्याची. तो पुढं जत्रेला आला तेव्हा म्हणाला, "आण्णांनी मला उगाच झापलं, पोरीनं पुडचं वाचायला नको का?"

आता बिबट्याचं ऐका. तुमच्या वेळी तो डोंगरातनं कधीमधी खाली यायचा. आता तो उसातच जन्मतो आणि उसातच मरतो. दोन महिन्यांपूर्वी वनखात्याच्या माणसानं मला फोन केला, की वरच्या मळ्यात मादी आहे, बायांनी एकट्यानं गवताला जाऊ नये. मी शांतपणे, नीट, मुद्द्याला धरून लिहिलं. पहिल्या ओळीत 'सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती', मग बाकीचं. त्याखाली भराभर अंगठे आले, हात जोडल्याची चित्रं आली. वरच्या मळ्यातल्या एका गड्यानंही हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याचीच आई एकटी गवताला गेली. उसाच्या कडेला बिबट्यानं तिला धरली. मी बघायला गेले होते, आण्णा. मान नव्हती उरली. विळा मुठीत तसाच होता, तो तिच्या बोटांतून सोडवायला दोघं लागले. आणि तो गडी छाती बडवत मला विचारत होता, "ताई, आमाला कुनी सांगितलं का न्हाई?" त्यानं हात जोडले होते, वाचलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राग बसला. यांच्यासाठी मरमर लिहायचं आणि हे अंगठे दाखवणार! पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला. दुपारी कालव्याकडच्या उसात पिंजरा लावायला गाडी येतेय, लोकांनी गर्दी करू नये, गाडीवाल्याला वाट दाखवावी. मी लिहिलं. फोन वाजला की काचेवर पहिली ओळच तेवढी दिसते, बाकीचं बघायचं तर उघडावं लागतं. माझी पहिली ओळ अशी होती: 'सावधान!! ताडपत्रीखाली बिबट्याचा पिंजरा घेऊन एक गाडी आपल्या शिवारात शिरली आहे!!' खालच्या तीन ओळींत सगळं होतं, गाडी वनखात्यानं लावलीय, पिंजरा रिकामा आहे, आपल्यासाठीच आणलाय.

तुम्हाला आपली माणसं माहीत आहेत. इकडं घरटी एकाचा तरी पक्का समज आहे, की दुसरीकडं धरलेले बिबटे गुपचूप आपल्याकडं आणून सोडतात. काचेवर माझी ओळ उमटली आणि अर्ध्या तासात कालव्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा लागला. मी गोंगाट ऐकून पळाले तेव्हा पिकअपच्या काचा फुटल्या होत्या. कुणीतरी ताडपत्री ओढली. आत पिंजरा रिकामा. आणि तो रिकामा बघून लोक शांत व्हायच्या ऐवजी पेटले, "सोडला! सोडून आलं हे भडवं!" ड्रायव्हर खोडदकडचा, पन्नाशीचा, सडपातळ माणूस. त्याला दार उघडून केसाला धरून ओढला. तो गाडीतल्या शेळीकडं बोट दाखवून ओरडत होता, "शेळी बगा ना राव, शेळी! धराया आनलाय पिंजरा, सोडाया न्हाई!" पाइपानं त्याच्या नडग्या फोडल्या. तो कालव्याच्या भरावावर लोळतोय आणि वीस माणसं त्याला तुडवतायत, ओळखीची माणसं, ज्यांना मी रोज दाखले देते. मी मधे घुसले, कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं, आणि मी ओरडत होते, "अरे खाली वाचा! मेसेज खाली वाचा!" आता आठवलं की माझंच मला थुंकावंसं वाटतं. माणूस मरतोय आणि मी म्हणतेय खाली वाचा! तेवढ्यात तो गडी आला. हातात आईचा विळा. पात्यानं मारला असता तर जागेवर गेला असता. त्यानं मुठीकडून मारला, सरळ डोळ्यात.

मंचरला नेला, तिथून पुण्याला. वाचला. डावा डोळा गेला, हात तीन ठिकाणी मोडलाय. त्याची बायको परवा पंचायतीत आली होती. मला वाटलं शिव्या देईल. ती स्टुलावर बसून म्हणाली, "बाई, त्यांना वाट दावायला कोन येनार व्हतं, त्याचं नाव तेवडं सांगा." मी म्हटलं, मला माहीत नाही. काल तो गडीही येऊन गेला, जामिनावर सुटलाय, डोळे खोल गेलेत. मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, "डोळे फुटले होते का तुझे? खाली तीन ओळी होत्या! आईच्या वेळी वाचलं नाहीस, आता तरी वाचायचं होतं!" तो उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "वाचायला पायजे व्हतं, ताई. माजं चुकलं, मी न्हाई म्हनत न्हाई. पन तुमी वर असं का लिवलं? आईच्या वक्ताला तर लई गोड लिवलं व्हतं." मी त्याला हाकलून दिला.

आण्णा, माझ्या जबाबात लिहिलंय की मी संपूर्ण माहिती दिली होती आणि लोकांनी ती अर्धवट वाचली. खरं आहे ते, कुणीही तपासावं. साहेब वाचतील, मान डोलावतील, मी एसटीनं घरी येईन, आणि तो गडी एकटा आत जाईल. त्याला चपराक बसायलाच हवी, त्यात मला दयामाया नाही. पण त्या संध्याकाळी तुम्ही लिहिणाऱ्यालाही पत्र लिहिलं होतं, आणि आज तसं माझ्या नावानं लिहिणारं कुणी उरलं नाही. जबाब मी पुन्हा समोर ठेवलाय. एक ओळ घालायची राहिलीय, आणि ती तुमच्या पद्धतीनं अगदी डोक्यावर यायला हवी. पेन टेकवते आणि उचलते. घालीन की नाही, देवाशप्पथ ठाऊक नाही. तुम्हाला तरी सांगून टाकते.

मेसेज मी आधी साधाच लिहिला होता, गाडी आपल्यासाठी पिंजरा घेऊन येतेय, तीन ओळींचा, नेहमीसारखा. सावधानची ओळ मी सगळ्यात शेवटी लिहिली, घाबरून तरी उघडतील म्हणून, आणि वर नेऊन ठेवली.