ओप्पा म्हंजी कोण

शिरूर,
शुक्रवार

प्रिय सतीश ओप्पा,

दचकलास का? दोन वर्षांनी ही हाक ऐकून दचकलास का खुशीत आलास, देव जाणे. काल मारुतराव मामा तुझं स्थळ घेऊन आमच्याकडं येऊन गेले. पुढच्या रविवारी तू आई-वडिलांना घेऊन मला बघायला येणार म्हणे. बघायला! जसं काय मला कवा बघितलंच न्हाईस. आई इतकी हरखली हाय की तिनं मामांना जवळजवळ होकारच दिला. तुझं-माझं जुनं तिला ठाऊक न्हाई. म्हणून उत्तर मलाच द्यायचंय, आन् तुझ्या घरचे गाडीत बसायच्या आधी द्यायचंय. आन् हे बघ, मी 'हाय' आन् 'न्हाई' असंच लिहिणार. तुला या बोलण्याची लाज वाटायची ना, म्हणून मुद्दाम.

काय तुझं ते कोरियन गायकांची नक्कल करणारं ध्यान होतं रे! राहायला दौंडच्या रेल्वे कॉलनीत, बाप पॉइंट्समन, आन् केस डोळ्यावर असे की समोरून बैल आला तरी दिसू नये. ओठाला गुलाबी काहीतरी फासायचास आन् विचारलं की थंडीनं फुटलेत म्हणायचास, तेही मे महिन्यात. स्टेशनवर चहावाल्यापुढं कमरेत वाकायचास, आन् घरी बापानं हाक मारली तर ओ द्यायचा न्हाईस. नूडल्समध्ये शेजवान चटणी कालवून त्याला कोरियन म्हणायचास, आन् मी येडी नाक पुसत पुसत ते खायची. ओप्पा म्हणायला तूच शिकवलंस. एकदा चारचौघांत चुकून सतीश म्हटलं तर दोन दिवस फुगून बसलास. खोटं कशाला बोलू, मला तू लई आवडायचास. शिरूरवरून एसटीनं धक्के खात यायची ती तुझी कोरियन गाणी पाठ करत यायची, एका शब्दाचा अर्थ माहीत नसताना.

मग ती तुमची डान्स स्पर्धा झाली. तुमच्या सातजणांच्या जाकिटांना टिकल्या मी लावल्या, बोटं सोलून निघाली होती. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी मला गाव विचारलं, मी जसं बोलते तसं सांगितलं. तू मला पडद्यामागं ओढलंस आन् म्हणालास, तू बोलू नकोस, नुसती हस, सगळा इफेक्ट जातो. इफेक्ट! परतीच्या एसटीत मी शिरूर येईस्तोवर रडले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर माझा नंबर ब्लॉक.

त्या रागावर मी कोरियन भाषा शिकले, अगदी परीक्षा देऊन. सोपी गेली. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, थोरामोठ्यांशी बोलायची रीत वेगळी, आन् बापाला तर चक्क आप्पा म्हणतात. आता सणसवाडीच्या कोरियन कंपनीत मी दुभाषी हाय. तिथल्या पार्क मॅडम तिकडच्या समुद्राकाठच्या, बुसानकडच्या. त्यांची आई बाजारात सुकी मासळी विकते. आईचा फोन आला की मॅडमची भाषा अशी काही गावरान होते की बाकीचे कोरियन साहेब खाली मान घालून हसतात. मॅडमना काडीचा फरक पडत न्हाई. त्या सांगत होत्या, तू ज्यांची पोस्टरं भिंतीवर लावायचास त्यातली कितीतरी पोरं अशाच गावांतून आलेली, राजधानीला, सोलला गेल्यावर आधी त्यांचं बोलणं घासून घ्यावं लागतं. म्हंजी तू ज्यांची नक्कल करत होतास ती पोरं माझ्यासारखी निघाली, तुझ्यासारखी न्हाई.

भाषा शिकताना ओप्पाचा अर्थ कळला होता, ती तुझी गोष्ट मी त्याच मॅडमना सांगितली. ओप्पा म्हंजी मोठा भाऊ. दादा! तिकडं लाडानं मित्रालापण म्हणतात, ते मला ठाऊक हाय, उगाच मला शिकवायला येऊ नकोस. पण शिरूरात दादा म्हंजी दादाच. वर्षभर दौंडच्या प्लॅटफॉर्मवर मी तुझा हात धरून तुला दादा दादा म्हणत होते, आन् तू केस उडवत होतास. हे सांगताना कँटीनमध्ये मी इतकी हसले की मॅडमनी पाणी आणून दिलं.

आन् आता तुला माझी आठवण का झाली तेही कळलं. मारुतराव मामांच्या पोटात काही राहत न्हाई. कंपनी मला दिवाळीनंतर तीन महिने कोरियाला पाठवतीय, हे तुझ्या कानावर गेलं. म्हणून लग्न त्याआधी उरकायचं, मग दोघं मिळून जातील, असा निरोप. वा रे बहाद्दर! जिला बोलू नको म्हणालास तिच्या पासपोर्टवर तुला सोल बघायचंय? तिथं जाऊन बोलणार कोण होतं, तू? तुला तीन शब्द येतात, आन् त्यातला एक चुकीचा.

एवढं सगळं मामांच्या फोनवरून सांगता आलं असतं. पण फोनमधून राखी पाठवता येत न्हाई. पाकिटात हाय बघ, लाल गोंड्याची, शिरूरच्या बाजारातून मी स्वतः निवडून आणलीय. पुढच्या शुक्रवारी राखी पौर्णिमा हाय. त्यानंतरच्या रविवारी जरूर ये, आई-वडिलांना घेऊन ये, पोहे मी करते. फक्त मनगटावर ती बांधून ये, म्हंजी मामांना काही समजावत बसायला नको.

तुझीच धाकटी बहीण,
शितल