हाडे एकत्र ठेवण्याबद्दल

मी, खाली सही करणारा, संग्रहालयाच्या अस्थिविभागातून निवृत्त झालेला कामगार, हा कागद राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. परवा गॅस चालू राहिला होता, पण तसे कोणाच्याही हातून होते. त्यावरून मला भ्रमिष्ट ठरवून मृत्युपत्र रद्द करू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून भाषेत चूक दिसल्यास अर्थ धरावा.

१. राहती खोली माझ्या एकुलत्या एका मुलीला. भिंतीत ओल आहे. विकताना ते आधी सांगावे, मागाहून कटकट नको. बँकेत जे असेल तेही तिचेच.

२. धाकट्या भावाने माझा टेबलफॅन नेला आणि पाते मोडून परत आणला. वर "आधीच मोडलेलं होतं, दादा," असे माझ्या तोंडावर म्हणाला. त्याला काही नाही. आता दुरुस्त करून आणला तरी नाही.

३. सुया, ब्रश, भिंग आणि वाळूच्या पिशव्या विभागाला. मी नोकरीभर हेच केले: फार पुरातन माणसांची दगडात अडकलेली हाडे सुईने मोकळी करायची. वाळूची पिशवी हाडाखाली घ्यावी, म्हणजे ते तडकत नाही. विभागात हे सर्वांना ठाऊक आहे, तरी सांगून ठेवलेले बरे.

४. माझा देह. हे कलम सावकाश वाचावे.

देह अस्थिविभागाला द्यावा. जुन्या हाडांशी ताडून पाहायला आजच्या माणसांची हाडे लागतात, आणि ज्याचे वय, काम, दुखणी माहीत आहेत असा माणूस सहसा मिळत नाही. माझी मान पुढे आली आहे ती सुईवर वाकून. डावे मनगट वाकडे आहे ते जिन्यात पडल्यामुळे. मुलीला कळवले असते तर ती काळजी करत बसली असती, म्हणून घरीच पट्टी बांधली. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने पाहिले तोवर हाड तिरपे जुळून गेले होते. "काय काका! जन्मभर दुसऱ्यांची हाडं सांधलीत, आणि स्वतःचीच शिवण वाकडी?" शिंपी माणूस चांगला आहे, पण हसतो फार.

एक अट आहे. विभागात आजची हाडे प्रकाराप्रमाणे ठेवतात. कवट्या एका कपाटात, मांड्यांची हाडे दुसऱ्यात, हातांची पेट्यांतून. अभ्यासाला ते सोयीचे पडते. मला तसे वाटून टाकू नये, एकाच पेटीत ठेवावे. आपले डोके कुठे आहे हे पायांना माहीत नसावे, हे मला सहन होत नाही.

विभागात एक सांगाडा आहे, त्याला आम्ही म्हातारबा म्हणायचो. तो दगडातून मी काढला आणि विभागातल्या अभ्यासक बाईंनी मला वाचून दाखवला. दातांवर आडव्या रेघा, म्हणजे दात घडत होते त्या वयात उपासमार किंवा मोठे आजारपण. खुब्याचा सांधा घासून गुळगुळीत, म्हणजे चालताना जीव जात असणार. आणि खालचा जबडा: दाढा पडून त्यांचे खळगे हाडाने भरून आलेले. म्हणजे दात गेल्यावरही तो बराच काळ जगला.

"मग याला कोणीतरी मऊ करून भरवत असणार," मी म्हणालो.

"असेल. किंवा स्वतःच ठेचून खात असेल. हाड एवढंच सांगतं की तो जगला."

"आणि एकटा होता का, ते?"

"ते हाडावर उमटत नाही हो," बाई म्हणाल्या.

त्यानंतर बरेच दिवस मी म्हातारबाची पेटी उघडली नाही.

५. मुलीची हरकत. देहाचे सांगितले तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, हयातभर तुम्ही मेलेल्यांपाशी बसलात. आई जेवायची थांबायची, मी थांबायचे. आता मेल्यावर तरी घरी या."

मी म्हटले, "घरी कोण आहे?"

ती म्हणाली, "मी येईन ना."

ती लांब असते. नोकरी आहे, मुले आहेत. येईन म्हणते आणि येणे होत नाही, त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. पण बोलणे मनातून जाईना, म्हणून कलम ४ ला ही पुस्ती जोडतो. मुलगी स्वतः आली तर देह तिचा. ती करेल तो अंत्यविधी मला मान्य. विभागाने हक्क सांगू नये. तिने माणूस पाठवला, पैसे पाठवले किंवा फोनवर होकार दिला, तर ते येणे धरू नये. मग मी विभागाचा.

हे शिंप्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "काका, पण थांबायचं किती? विभागाची गाडी दाराशी उभी असणार." मी लिहिले, दुपारपर्यंत. ते खोडून लिहिले, संध्याकाळपर्यंत. तेही खोडले, दोन्ही खोडाखोडींवर माझी सही आहे. आता लिहितो ते शेवटचे धरावे. मी निघाले, असे तिने कळवले असेल तर थांबावे. गाडी परत पाठवावी. विभाग नंतर घेणार नाही, हे मला माहीत आहे.

येथवरचे सर्व मी शुद्धीत लिहिले, दोघांसमोर मोठ्याने वाचले आणि त्यांच्या देखत सही केली.

सही: करणाऱ्याची, उजव्या हाताची
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी
साक्षीदार: समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक
ठिकाण: माझी राहती खोली
दिनांक: आजचा, शिंप्याने कॅलेंडर पाहून घातलेला