वरण कोणत्या विभागात बसतं?

बिबवेवाडी, पुणे
डिसेंबर २००२

प्रिय सुंदरा हिला थोरल्या बहिणीचा जयभीम. नागोरावांनाही सांग (ऐकू न आल्याचं सोंग करतील, तरी सांग). तुझे गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत, एवढंच काम त्यांना उरलंय. अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली तेव्हा अक्षर जसं होतं तसंच अजून आहे, मीच म्हातारी झाले.

इकडे महिनाभर घरात डाळ सोडून दुसरा विषय नाही. आपल्या दीक्षाने जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग केला, की तुरीची डाळ भिजवून शिजवली तर गॅस किती वाचतो. आम्ही रोज दोनदा वरण खाल्लं, एकदा भिजवलेल्या डाळीचं, एकदा कोरड्या. पोरीने घड्याळ घेऊन शेगडीपाशी पाय दुखेस्तोवर उभं राहून हे केलं, म्हणून मीही निमूट गिळलं. पण नावनोंदणीच्या वेळी एकच विभाग सांगायचा होता, आणि विभाग चुकला तर प्रयोग बाद होतो, असं तिच्या बाईंनी बजावलेलं. बुद्धभूषण म्हणाला, संगणक विभागात घाल, रंगीत आलेख मी कॉम्प्युटरवर काढलाय. (त्याला कंपनीत चिकटल्यापासून सगळं जग कॉम्प्युटरमधून निघालेलं दिसतं.) सूनबाई कल्याणी दवाखान्यात नर्स, ती म्हणाली आरोग्य, डाळीत प्रथिनं असतात. नवराबायकोचं यावरून इतकं वाजलं की पोर रडकुंडीला आली. मग मी मधे पडले. कोणत्या विभागात गर्दी कमी, एवढंच विचारलं. गणितात दोनच पोरं होती. रेशनला मी नेहमी लहान रांग बघून उभी राहते, हातात पिशवी रिकामी कधी आली नाही. घातलं गणितात.

प्रदर्शनाच्या दिवशी मी पण गेले (शाळेत गॅसला मनाई, म्हणून विजेची शेगडी धरायला कोणीतरी हवं होतं). डाळ रटरटायला लागली आणि परीक्षक आले. चष्मा कपाळावर, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. म्हणाले, "बाळ, यात गणित कुठे आहे?" दीक्षाचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "अहो साहेब, डाळ मोजली, पाणी मोजलं, वेळ मोजला. हे गणित नाही तर काय भजन आहे?" तर म्हणतात, "आजी, आपण म्हणता तसं असेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याला आम्ही कालच बक्षीस द्यायला हवं होतं." या पुणेकरांचं हे एक बरं असतं, अपमान करतात पण 'आपण' सोडत नाहीत.

पण माणूस वाईट नव्हता. मला बाजूला सारून त्यांनी पोरीला विचारलं, "तुला नेमकं शोधायचं काय होतं?" ती म्हणाली, "इंधन किती वाचतं ते." "मग हे ऊर्जा विभागात. प्रश्न कशाचा आहे ते बघायचं, भांड्यात काय आहे ते नाही." मांडणी पाहणाऱ्या बाई नियम काढून बसल्या, त्यांच्याशी परीक्षकच भांडले, आणि तिकडची तपासणी सुरू व्हायच्या आत आमचं टेबल पातेल्यासकट उचलून ऊर्जेत नेलं. तिथे सगळा विभाग सूर्यचुली घेऊन मैदानात बसलेला, आणि आभाळ सकाळपासून भरून आलेलं! एकाच्याही चुलीत तांदूळ हलेना. आमचं वरण मात्र लांब वायर ओढून विजेवर शिजलं. दीक्षाने तिची कोष्टकं धडाधड सांगितली, एका प्रश्नाला अडखळली नाही. वरून मी हिंग-लसणाची फोडणी दिली. (ती प्रयोगात नव्हती, पण परीक्षकही माणसंच.) पहिला नंबर आला. पोर मैदानभर नाचत होती, बुद्धभूषण ऑफिस सोडून आला आणि सर्वांसमोर तिला खांद्यावर घेतलं. तेरा वर्षांच्या घोडीला! कंबर धरून बसलाय आता. आमच्याकडे सगळे खुशीत आहेत. मी पण आहे, पण कोणाला सांगू नकोस.

तुझी,
प्रेमला

ता. क. पुढचं राज्याचं प्रदर्शन जानेवारीत तुमच्या नागपुरात आहे. आम्ही चौघं, शेगडी आणि पातेलं तुझ्याकडेच उतरणार. बुद्धभूषण हॉटेल म्हणत होता, मी म्हटलं, माझी बहीण अजून जिवंत आहे. पत्र खरं तर यासाठीच होतं.

आणखी एक. तुझा नातू समाधानही निवडला गेलाय आणि तोही ऊर्जेतच आहे, असं तुझ्या शेजारच्या कौशल्याकडून कळलं. (तू का लपवलंस ते भेटीत बघू.) अजून वेळ आहे, त्याला आरोग्यात घाल. पोरगं तसंही अशक्तच आहे.